काळ्या रंगाखाली

१२ मार्च, सकाळ

चि. बाळ्या,

आशीर्वाद. इकडे बरं चाललंय. आईचा खोकला थांबला. गॅरेजमधल्या लिफ्टचा पंप बदलून घेतला, आता गाडी वर चढताना कुरकुरत नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. नर्सबाईंना तू विकलेली ती निळी गाडी शनिवारी वळणावर आडवी झाली. मागच्या चाकाची स्प्रिंग गंजलेला पत्रा फाडून थेट डिकीत घुसली. मागे त्यांचे वडील बसले होते, त्यांच्या मांडीचं हाड मोडलंय. बाई वाचल्या, हेच नशीब.

आणि तू म्हणे लोकांना सांगत फिरतोस, "बाईनंच वेडीवाकडी चालवली असेल!" जीभ कशी रेटते रे तुझी? गाडी काल माझ्याकडे ओढून आणली. लिफ्टवर चढवून खालचा काळा रंग मी स्वतः खरवडला. गंजाच्या भोकांवर जाळी, जाळीवर लांबीचा लेप आणि त्यावर तुझा तो चकचकीत रंग. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. माणसं बसतात रे त्यात! म्हातारी माणसं!

तू म्हणशील, ताई, तूच तर तपासली होतीस.

हो, तपासली होती. पैसे द्यायच्या आधी बाई तुझ्या दुकानातून गाडी घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "भावाचीच गाडी आहे तुमच्या, पण तुम्ही एकदा बघा, म्हणजे मी निर्धास्त." पुढून दाबून पाहिली, शॉकअप ठीक होते. मागून दाबली तर करकरली. लिफ्टवर घेणारच होते, तेवढ्यात तुझा फोन आला. "खाली कशाला बघतेस ताई? हे गिऱ्हाईक गेलं तर दुकानाला कुलूप लागेल माझ्या."

मी लिफ्टचं बटण दाबलं नाही. "इंजिन उत्तम आहे," एवढंच म्हणाले. खोटं बोलले नाही, असं गेले आठ महिने स्वतःला बजावत आले. बाईंनी ऐकलं की गाडी उत्तम आहे, आणि मी त्यांना तसं ऐकू दिलं.

काल दवाखान्यात जाऊन हे सगळं त्यांना सांगितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वडिलांचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "दुसरे गॅरेजवाले मला बाई म्हणून उडवून लावायचे. म्हणून तुमच्याकडे आले होते."

तिथून उठून पोलीस चौकीत गेले. लेखी जबाब दिलाय. त्यात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. चिडायचं तेवढं चीड.

तुझ्या दुकानात तसाच काळा रंग मारलेल्या आणखी दोन गाड्या उभ्या आहेत, मी पाहिल्यात. उद्या दहा वाजता येते. दोन्ही माझ्या लिफ्टवर चढतील आणि तू शेजारी उभा राहून बघशील. आईला काय सांगायचं ते मात्र दोघांनी मिळून सांगू. ते एकटीनं जमणार नाही मला.

तुझ्याइतकीच दोषी,
ताई