रंभाजीच्या कमरेएवढं पाणी

बेलपेठ,
ता. २६ एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप काकासाहेब दाजींच्या पायांशी धाकटा मेहुणा आसाराम याचा दंडवत पोचावा. इकडे आम्ही सर्व जण आहोत तसे आहोत, आणि या वर्षी एवढंही पुष्कळ म्हणायचं. तिकडे सोनईत आक्काच्या गुडघ्यांचं, तांबड्या बैलाच्या खांद्याच्या सुजेचं आणि तुमच्या पाठीचं कसं काय आहे ते याच क्रमानं कळवावं. (क्रम माझा नाही. आक्कानं मागच्या पत्रात असाच लावला होता, आणि तिच्या क्रमात ढवळाढवळ करायची माझी प्राज्ञा नाही.) तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मनाला लागली. तुम्ही लिहिलंत की बेलपेठची नगरपालिका दुष्काळात काय करते ते पेपरात वाचलं, आणि त्यात तुझं नाव नाही हे पाहून बरं वाटलं. दाजी, पेपरात सगळं येत नाही. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून लिहितो.

तुम्हांला ठाऊकच आहे की पालिकेत पाणीखात्याचा कारकून मी एकटाच. खातं म्हणजे एक टेबल, एक रजिस्टर आणि एक मी. पावसानं लागोपाठ दगा दिला तेव्हा जिल्ह्याहून हुकूम आला की प्रत्येक गावानं टंचाईचा आराखडा करून पाठवावा. गावाला रोज पाणी किती लागतं, तलावात आहे किती, आणि ते पावसाळ्यापर्यंत कसं पुरवणार. आमचे नगराध्यक्ष आबासाहेब हे मोठे उमदे गृहस्थ, पण त्यांना आराखडा हा शब्द फार आवडतो. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की आसाराम, घरोघर जा आणि कुणाला रोज किती घागरी लागतात ते लिहून आण. झालं, मी वही घेऊन निघालो.

पहिल्या दिवशी वरच्या आळीत गेलो. लोकांना वाटलं, पाणीपट्टी वाढणार. नऊ माणसांचं घर, दारात दोन म्हशी, आणि कारभारी सांगतो की आम्हांला दोन घागरी फार होतात. एका घरात तर पाणी पिणं प्रकृतीला मानवत नाही असंच ऐकायला मिळालं. संध्याकाळी कुणीतरी बातमी उठवली की जो जेवढं सांगेल तेवढंच पाणी त्याला यापुढं मिळणार. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीत गेलो तर लोक माझी वाट बघत उंबऱ्यावर उभे. गोजरबाई म्हणून एक म्हातारी आहे, एकटी राहते, घरात एक मांजर. तिनं चाळीस घागरी लिहायला सांगितल्या. मी विचारलं, एवढं पाणी कशाला लागतं. म्हणाली, “लेकी येत्यात बाळंतपनाला.” किती लेकी, तर दोन. कधी येणार, तर आल्या म्हणजे. धाकट्या लेकीची थोरली मुलगी यंदा मॅट्रिकला बसली आहे, हे मला नंतर कळलं. मी चाळीस लिहिल्या.

हे आकडे आबासाहेबांपुढं ठेवले तेव्हा मला वाटलं होतं ते वही फेकून देतील. पण नाही. ते म्हणाले, वरची आळी कमी बोलली, खालची जास्त बोलली, दोन्हींची सरासरी काढ, खरं निघेल. सरासरी काढली. माणशी दोन घागरी आल्या. (दाजी, खोट्यात खोटं मिळवून सत्य काढायची ही रीत मी शाळेत शिकलो नव्हतो, पण आकडा बराच बरोबर होता, हे पुढं इंजिनियर साहेबांनीही कबूल केलं.)

आता तलाव. तलाव गावापासून दोन मैलांवर. त्याच्या काठी पंपाची विहीर आहे, तलावातलं पाणी तिच्यात येतं आणि तिथून गावात. विहिरीसमोर पाण्यात एक लाकडी पट्टी रोवलेली, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले. एक फेब्रुवारीला पट्टी सहा फूट दाखवत होती. रोज एक इंच पाणी उतरतं असं आम्ही धरलं. म्हणजे बहात्तर दिवस, एप्रिलचा मध्य. एक दिवसाआड नळ सोडले तर दुप्पट, जूनचा शेवट. तोवर पाऊस येतोच. आराखडा तयार झाला, वर शिक्का बसला, जिल्ह्याला गेला. त्यात एकच गोष्ट राहून गेली. ऊन रोज किती पाणी पितं ते आम्ही धरलंच नव्हतं. घरोघर विचारत फिरलो, पण उन्हाचं घर आमच्या वहीत नव्हतं.

तलावावर राखणदार रंभाजी. साठीचा माणूस, बोलतो थोडं, खोटं मुळीच बोलत नाही. त्यानं रोज सकाळी पट्टी वाचायची, चालत ऑफिसात यायचं, मला आकडा सांगायचा, मी रजिस्टरात लिहून शेजारी सही करायची. सहीच्या वर छापलेलं आहे, ‘समक्ष पाहून’. ते मी रोज वाचत होतो. पण ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि रंभाजीच्या डोळ्यांवर माझा पूर्ण विश्वास होता. अजूनही आहे. फेब्रुवारीत आकडा भराभर उतरला, साडेतीन फुटांवर आला, आणि तिथं थांबला. साडेतीन. दुसऱ्या दिवशी साडेतीन. आठवडा गेला, साडेतीन. एखादे दिवशी तीन फूट सात इंच. मी आबासाहेबांना दाखवलं. ते रजिस्टरावरून बोट फिरवत म्हणाले, “लोकांनी मनावर घेतलं, आसाराम. काटकसर म्हणतात ती ही.”

पाडव्याला चौकात सभा झाली. आबासाहेबांनी सांगितलं की सगळा जिल्हा तहानेला असताना बेलपेठच्या तलावानं महिनाभरात एक इंच सोडला नाही. मलाही एक नारळ मिळाला. मी तो घेतला, दाजी, हे लपवत नाही. आणि सणाची भेट म्हणून त्या दिवसापासून नळ पुन्हा रोज सुरू झाले.

ही कीर्ती जिल्ह्याला पोचली आणि तिथून एक इंजिनियर साहेब हा तलाव बघायला आले. तरुण, चष्मा, बोलणं मोजून. आबासाहेब जीपमध्ये पुढं, मी मागं. काठावर उतरलो तर काठच नाही. पंपाच्या विहिरीसमोर फूटभर पाणी, पुढं सगळा भेगाळलेला गाळ, आणि लांब, दोन फर्लांगांवर, एका डबक्यात ती पट्टी उभी. विहिरीपासून तिथपर्यंत गाळात भोकांची एक रांग गेलेली, दर पंधरावीस पावलांवर एक. साहेबांनी रंभाजीला हाक मारली आणि शांतपणे विचारलं की ही पट्टी तिकडं कशी गेली.

“म्याच नेली,” रंभाजी म्हणाला. “ती वरनं कोरडी पडाय लागली, सायेब. कोरड्यात ठिवून काय मोजायचं? पानी सरकलं, का म्या बी सरकवायची.”

“आणि रोज साडेतीन फूटच कसं?”

“कमरंएवढ्या पान्यात रोवतो. त्याच्या म्होरं जाईना म्या. मला पवता येत न्हाई.”

पाच आठवडे आमच्या शहराचा पाणीसाठा म्हणजे रंभाजीच्या कमरेची उंची होती. (आणि तीन फूट सात इंच जे कधी कधी यायचं, त्या दिवशी पट्टी गाळात बोटभर जास्त रुतलेली असायची, असं त्यानं आपणहून सांगितलं.) साहेबांनी विहिरीपाशी काठी बुडवून पाहिली आणि म्हणाले, आठ दिवस. फार तर नऊ. मागं बारा हजार माणसं, पुढं अख्खा मे महिना, आणि आठ दिवस.

दुपारीच पालिकेत सभा बसली. आबासाहेब रागानं लाल झाले होते, आणि पाडव्याचं भाषण आठवत असल्यामुळं जास्तच. ते म्हणाले, रंभाजीला आजच्या आज काढून टाका. रंभाजी दाराशी उभा होता, डोक्यावरचा पटका हातात. मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या सह्या मला दिसत होत्या, एकाखाली एक, पस्तीस. मी काही शूर माणूस नाही हे तुम्ही आक्काच्या लग्नापासून जाणता. पण उठलो. म्हणालो, रंभाजीनं जे पाहिलं ते सांगितलं. मी न पाहता ‘समक्ष पाहून’ खाली सही केली. काढायचं तर मला काढा. एवढं बोलून खाली बसलो, आणि बसताना खुर्चीचा अंदाज चुकला. (गुडघ्याला लागलं, पण तेव्हा कळलं नाही.)

आबासाहेब काहीतरी बोलणार होते, पण इंजिनियर साहेबांनी हात वर केला. ते म्हणाले, कुणाला काढायचं ते पावसाळ्यात ठरवा. त्या डबक्यात अजून बरंच पाणी आहे, पण ते विहिरीच्या तोंडापेक्षा खाली आहे आणि मधे गाळाचे उंचवटे. चर खणून ते पाणी विहिरीकडं आणावं लागेल, आणि विहिरीत आणखी खाली पाइप सोडावा लागेल. चर कुठून न्यायची हे कळायला तलावाच्या तळाची पाहणी हवी. जुना नकाशा गाळानं निकामी झालाय. पाहणीला दहा दिवस लागतील. आठ दिवसांचं पाणी आणि दहा दिवसांची पाहणी, हा हिशेब आम्हां सगळ्यांनाच जमला.

तेव्हा दाराशी उभा असलेला रंभाजी म्हणाला, “पाहनी कशाला? भोकं हायेत की.”

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग चष्मा काढून पुसला, आणि सभा तिथंच सोडून जीपमध्ये जाऊन बसले. आम्ही मागून पळालो. पाणी उतरत गेलं तशी रंभाजीनं पट्टी पुढं नेली, आणि दर वेळी कमरेएवढ्याच पाण्यात रोवली. म्हणजे प्रत्येक भोक आधीच्या भोकापेक्षा खाली. साहेबांनी तिपाईवरची दुर्बीण लावून एकेक भोक मोजलं. एकही चुकलेलं नव्हतं. तलाव बांधण्यापूर्वी तिथं जो ओढा वाहत होता, त्याच्या जुन्या पात्रावरून हा माणूस पाच आठवडे पाय चाचपत चालत गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर सुरू झाली. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरची दीडशे माणसं साहेबांनी तिथं वळवली, आणि गावातले लोक आपणहून आले. वरची आळी, खालची आळी, सगळी. गोजरबाई डोक्यावर टोपलं घेऊन सहाही दिवस गाळ वाहत होती. आबासाहेबांनीही कुदळ हाणली, आधी फोटोपुरती, पण फोटोवाला गेल्यावरही ते थांबले नाहीत, हे मी सांगायला हवं. मी खणलं. माझ्या हातांना फोड आले, चपला गाळात गेल्या त्या गेल्याच, आणि एकदा मी स्वतः कमरेपर्यंत रुतलो, तेव्हा रंभाजीनंच बखोटीला धरून काढलं. सहाव्या दिवशी दुपारी मधला शेवटचा बांध फोडला. पाणी एकदम आलं नाही. आधी चरीचा तळ काळा झाला, मग चकाकला, मग बोटभर ओहोळ हळूहळू विहिरीकडं निघाला, आणि सगळी माणसं त्याच्या बाजूनं त्याच्या चालीनं चालत गेली. रंभाजी सगळ्यांत पुढं. पाणी विहिरीत पडल्याचा आवाज झाला तेव्हा तो काठावर बसला आणि पटक्यानं तोंड पुसलं. आबासाहेब त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण काढून टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता साहेबांनी नवा आराखडा करून दिलाय. तिसऱ्या दिवशी पाणी, गल्लीच्या नळांना कुलपं, आणि उन्हाचा वाटा सगळ्यांत आधी बाजूला काढलेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरेल म्हणतात. पट्टी आता विहिरीला सिमेंटमध्ये बसवलीय, आणि ती वाचायला मी रोज सायकलनं जातो, समक्ष. एकंदरीत गावात पाण्याची चांगली व्यवस्था लागली आहे, चिंता नसावी. आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा
आसाराम

ता. क. — व्यवस्था उत्तम आहे, तरीपण भागिरथीची आणि पोरांची तब्येत उन्हानं जरा नरम वाटते. त्यांनी महिनाभर सोनईला यावं असं माझ्या मनात आहे. त्यांना सोडायला मलाही यावं लागेल, आणि आलोच तर आठ-दहा दिवस राहावं लागेल. तुमच्या विहिरीवरचं इंजिन चालू आहे ना? धार अजून हौदात पडते का, आणि किती जाड पडते, तेवढं उलट टपाली कळवावं.

दुसरा ता. क. — दाजींना आन वन्संना भागिरथीचा नमस्कार. पत्र टपालात टाकाय माज्याकडं दिलं, म्हनून वाचलं. माजी तब्येत लई बरी हाय, पोरांची बी. आमी कुनी येत न्हाई. आमच्या गल्लीच्या नळाची किल्ली माज्याकडं हाय, एकवीस घरं हायेत, ती टाकून मी कुटं जाऊ. ह्यांनी वरती लिवलंय ते समदं खरं हाय, फकस्त येक सांगायचं ऱ्हायलं. मानशी दोन घागरी ठरवल्या ह्यांनीच, आन रोज सकाळी चार घागरी अंगावर वतून घेत हुते, सायकलनं घाम येतो म्हनून. पोरांच्या वाटनीचं पानी जायाचं. म्हनून गेल्या गुरवारपासनं ह्यांची आंगूळ मी बंद केली, ओलं फडकं देते. तवापासनं ह्यांना सोनईची लई आठवन येती. ह्यांना येकल्यालाच पाठवते, शनवारच्या यष्टीनं. दोन दिस ठिवून घ्या. पन पानी वन्संनी आपल्या हातानं घालावं, तांब्या ह्यांच्या हातात दिऊ नये.