उरलेले नऊ टक्के

३ फेब्रुवारी, सोमवार. कुरुंदा.
किळस आली. शेजारच्या युसूफची नात शबनम, नांदेडला संख्याशास्त्र शिकणारी, गावात सर्व्हे करीत आहे. कोणत्या समाजाला मधुमेहाचा धोका किती, याचे म्हणे मॉडेल होणार. संध्येवरून उठलो तोच तिच्या सांगण्यावरून सूनबाई राजनंदिनीने शिवणाची फीत माझ्या उदराभोवती फिरवली आणि आकडा मोठ्याने वाचला. एक्केचाळीस इंच. शेजारीपाजारी ऐकत होते.
त्याहून घोर प्रकार: समाजाच्या रकान्यात आमचे वेदपाठी घराणे 'इतर'मध्ये! स्वतंत्र रकान्याची मागणी नोंदवली. निकाल मला आजच ठाऊक आहे. शिरखुर्मा खाणारा युसूफ सर्वांत वर, आम्ही तळाशी.

५ फेब्रुवारी, बुधवार.
प्रश्नावली. उत्तरे सत्य दिली. गोड खाता का? नाही. शिऱ्याचा प्रसाद ग्रहण केला जातो. त्याला खाणे म्हणत नाहीत. दिवसात किती वेळ बसता? अकरा तास: पोथी, जप, चिंतन. माझी आसनसिद्धी तिने 'हालचाल नाही' अशी नोंदवली. शिसारी.
घरात हा रोग कुणाला? नाही. वडिलांचा पाय काट्याच्या निमित्ताने कापावा लागला, तो विषय निराळा. (सूनबाईंनी तो परस्पर सांगून टाकला.)
माझ्या अंगठ्याची ठेच तिने पाहिली. दिवाळीतली आहे, अजून ओली आहे, दुखत मात्र मुळीच नाही. देहभाव सरत चालल्याचे लक्षण. तसे तिला समजावले. तिने उद्याच रक्त तपासा म्हणून विनवले. उशीर केला तर पाय जाईल, म्हणाली. शिवरात्रीच्या सप्ताहाचे वाचन माझ्याकडे आहे. सुईपायी सोवळे मोडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. एकादशी.
कडक उपवास. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे गोड काप, तीन केळी, साखर घालून दूध. अन्य काही नाही.
सूनबाईंची तक्रार: "मामंजी, मोरी दिवसातून चारदा धुते, तरी मुंग्यांची रांग तुटंना." तिला काय कळावे! चाळीस वर्षे रोज सकाळी लिंबाखाली मुंग्यांना साखर घालतो. आता त्या स्वतःहून माझ्यामागे येतात. साधनेमुळे पहाटेपूर्वी पाचदा जाग येते, तहानही फार लागते. मोरीत जावे तेव्हा त्या हजर. मुक्या जिवांना पुण्य कळते, मॉडेलला कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
उबग. समाजमंदिरात शबनमने निकाल सांगितला. वय, कंबर, बैठक आणि आईवडिलांचा रोग हिशेबात घेतला की समाजाच्या रकान्याला सांगण्यासारखे काही उरतच नाही, म्हणाली. म्हणजे माझा रकाना मिळता तरी व्यर्थ!
युसूफ पंच्याहत्तरीचा, अजून हळद शिजवायला दिवसभर कढईपाशी उभा. त्याला धोका बारा टक्के. माझे नाव तिने घेतले नाही, कागद हाती दिला. एक्याण्णव. ज्यांनी डोकावून पाहिले ते हसले नाहीत. ते अधिक लागले.
मी उभा राहून मुंग्यांची साक्ष काढली. युसूफ खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, साखर तुमी लिंबाखाली टाकून राहिले. मंग मुंग्या मोरीत काहून?"
अडाणी प्रश्न. उत्तर शास्त्राधारे देईन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
वैद्यकाची जुनी पोथी काढली. प्रमेहाचा अध्याय. ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, त्याचे निदान तेथे दिले आहे. समासात माझ्याच हस्ताक्षरात टीप: 'श्रोत्यांना हे अवश्य समजावून सांगावे.'
पाठभेद असावा.
मोरीत दिवा नेऊन पाहिले. रांग होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
रक्त दिले. युसूफने स्वतः वसमतला नेले. दवाखान्याबाहेर बाकावर माझ्या चपला सांभाळीत बसला होता. साखर तीनशे वीस. अंगठा काढावा लागेल, पाय वाचेल, असे डॉक्टरांचे मत. सप्ताहाचे वाचन माझा शिष्य वैजनाथ याच्याकडे दिले. त्याचे उच्चार अशुद्ध आहेत.
आज मुंग्यांना साखर घातली नाही. त्यांची सोय झालेली आहे.
मॉडेलने एक्याण्णव टक्के वर्तवले होते. प्रत्यक्षात शंभर निघाले. नऊ टक्क्यांची चूक. हे यंत्र विश्वासार्ह नाही, असे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.