दारामागचा किल्ट

बेडोक, सिंगापूर
रविवार, ११ ऑक्टोबर २०१५

ती. बाबांना नमस्कार.

मी ठीक आहे. डबा नेते, वेळेवर झोपते. इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर अजून आहे, त्यामुळे खिडक्या बंद आणि पंखा दिवसभर चालू. तुमची तब्येत कशी आहे हे या पत्रात विचारत नाही. का, ते पुढे येईल.

तुम्ही शिकवलंत तसं आधी नुसतं काय घडलं ते लिहिते.

१. मार्चमध्ये खालच्या मजल्यावरच्या लिम अंकलनी तुम्हाला त्यांच्या जुन्या बॅगपाइप पथकातला लोकरीचा किल्ट, स्कॉटिश पुरुषांचा तो चुण्यांचा स्कर्ट, दिला.
२. एप्रिलमध्ये तुम्ही दुसरा मागवलात, खाकी, सुती, खिसे असलेला. तेव्हापासून तुम्ही रोज किल्ट घालत होतात.
३. रविवार, २० सप्टेंबरला आपण टॅम्पिनीसला स्मिताताईंकडे गणपतीच्या विसर्जनाला गेलो. तिथे तुमच्या ऑपरेशनचा विषय निघाला.
४. २१ सप्टेंबरपासून तुम्ही पँट घालू लागलात.
५. शनिवार, ३ ऑक्टोबरला तुम्ही पुण्याला गेलात. सांगितलेलं कारण: धूर.
६. दोन्ही किल्ट इथेच आहेत, तुमच्या खोलीच्या दारामागच्या हुकावर.

गुरुवारी एवढं लिहून थांबले होते. आज पुन्हा वाचलं. एकही ओळ खोटी नाही आणि तरी ड्रॉइंग चुकलं आहे. तुमच्या ड्रॉइंग ऑफिसातला नियम मी तांजोंग पगारला माझ्या ऑफिसात अजून पाळते. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची नाही. तिच्यावर बारीक काट मारायची, शेजारी सुधारणा लिहायची, तारीख घालायची, सही करायची. म्हणजे चूक कुठे झाली होती ते पुढच्याला दिसतं. म्हणून वरची यादी तशीच ठेवते आहे.

सुधारणा, क्रमांक ३. विषय निघाला नाही. तो मी काढून ठेवला होता. विसर्जनाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून मी स्मिताताईंना फोन केला आणि सांगितलं, "बाबांचं पुण्यात हर्नियाचं ऑपरेशन झालंय. पँटचा पट्टा टोचतो, म्हणून ते जरा वेगळंच काहीतरी घालून येतील." त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

तुमचं असलं ऑपरेशन कधी झालेलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कागदावर कुठे नव्हतं, ते आता आलं.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. तुम्ही लोकरीचा किल्ट घातला होता, वर पांढरा झब्बा. दारातच स्मिताताई म्हणाल्या, "अय्या शिरीषराव, काय झकास दिसताय!" आणि तुम्ही म्हणालात, "लोकर आहे हो. धाबळी समजा. सोवळ्यात चालेल." सगळे हसले. चांगलं हसले, बाबा. मी कोपऱ्यात चपला लावत होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्या फोनची काही गरज नव्हती.

मग इथे आपल्या मुलाकडे राहायला आलेले ते विश्वासकाका तुमच्याशेजारी येऊन बसले. "माझं दोन्ही बाजूंचं झालंय. तुमचं कुठल्या बाजूचं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार तर एक सेकंद. मग म्हणालात, "उजव्या."

"जाळी टाकली का?"

"टाकली असेल. आपण काय, झोपलेले."

तिथून पुढे अर्धा तास ते तुम्हाला खोकताना पोट कसं धरायचं ते दाखवत होते आणि तुम्ही धरून दाखवत होतात. आरती झाली. स्मिताताईंनी आठवड्यापूर्वीच म्हटलं होतं की या वर्षी मूर्ती तुम्ही उचलायची, तुम्ही वयाने मोठे. तुम्ही पुढे झालात तर घरचे यजमान श्रीनिवासराव आडवे आले. "नको नको, शिरीषराव, तुम्ही वजन उचलायचं नाही. बसा तुम्ही." तुम्ही बसलात. शाडूची वीतभर मूर्ती. दोन किलोसुद्धा नसेल. बाल्कनीतल्या टबापर्यंत चौदा पावलं. ती श्रीनिवासरावांनी नेली आणि तुम्ही सोफ्यावर बसून टाळ्या वाजवल्यात. मी झांजा वाजवत होते. थांबले नाही.

परत येताना MRTच्या गाडीत तुम्ही मला ओरडाल म्हणून वाट पाहत होते. बेडोक यायच्या आधी तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "चैतू, उजवी बरोबर ना? पुन्हा कुणी विचारलं तर दोघांनी एकच सांगायला हवं."

मी म्हटलं, "बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पँट घालून खाली कॉफी प्यायला गेलात.

सुधारणा, क्रमांक ५. धुराने तुम्हाला खोकला झाला नव्हता. त्या दोन आठवड्यांत तुम्ही घरात एकदाही खोकला नाहीत. भिंत पातळ आहे, मला ऐकू आलं असतं. तुम्ही गेलात त्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "ठीक. जेवलीस का? ठेवतो." म्हणून हे पत्र.

सोमवारी लिफ्टपाशी लिम अंकल भेटले. "युअर फादर व्हेअर? लाँग टाइम नेव्हर सी." पुण्याला गेले म्हटलं. मग मी, का कोण जाणे, त्यांना विचारलं की तुम्ही किल्ट घालायला का सुरुवात केलीत, ते त्यांना कधी सांगितलंत का. मला वाटत होतं काहीतरी निघेल. गुडघे, घामोळं, खरंच एखादं दुखणं. तुम्ही इथे आलात त्या पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला लुंगी नेसून खाली जाऊ नका म्हटलं होतं आणि तुम्ही मुकाट्याने ऐकलं होतंत. निदान त्याचा राग तरी निघेल.

लिम अंकलना माझा प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, "ही लाइक, ही वेअर, लाह. मस्ट हॅव रीझन मेह?"

लिफ्ट आली, ते गेले. मी पुढच्या लिफ्टने गेले.

आता जे यादीत नाही ते. याला क्रमांक कुठला द्यायचा मला कळत नाही.

मला किल्टची लाज वाटत होती असं मी स्वतःला सहा महिने सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलांवरची कॉफीवाली आंटी तुम्हाला "स्कॉटलंड अंकल" म्हणायची आणि तुमचा कप न सांगता भरायची. लायब्ररीत, बाजारात, बसमध्ये कुणीही तुम्हाला काही बोललं नाही. एका मुलीने फोटो मागितला तेव्हा तुम्ही तिला आधी चुण्या सारख्या करू दे म्हणालात. लोकांचा त्रास नव्हता.

मेमधली एक सकाळ आहे. मी ऑफिसला निघत होते. तुमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तुम्ही आरशापुढे वाकून मागच्या चुण्या एकेक करून बसवत होतात आणि शीळ घालत होतात. कुठेही लग्नाला निघताना तुम्ही असेच आईच्या पायाशी बसून तिच्या निऱ्या सारख्या करायचात, आणि ती म्हणायची, "शिरीष, पुरे, मुहूर्त टळेल." तेव्हाही तुम्ही शीळ घालायचात. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात मी तो आवाज ऐकला नव्हता.

मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. तुम्ही माझ्या आधी पुढे निघालात, म्हणून. मी अजून रोज कामाचे तास मोजून दिवस संपवत होते, आणि तुम्ही कुणाला न विचारता एक नवं कापड कमरेला गुंडाळून बरे झाला होतात. आजारी बापाची चौकशी कुणी केली की उत्तर देता येतं. खुशीत असलेल्या बापाचं काय सांगायचं ते मला येत नव्हतं. म्हणून मी तुम्हाला आजारी केलं.

हे लिहायला मला चार दिवस लागले.

काल मी टॅम्पिनीसला जाऊन आले. स्मिताताईंना सांगितलं की ऑपरेशन झालेलं नाही, ते माझं खोटं होतं. विश्वासकाका तिथेच चहा घेत होते. ते म्हणाले, "म्हणजे मी त्या माणसाला अर्धा तास खोकायला लावलं?" मी हो म्हटलं. ते हसले, मग हसायचे थांबले. स्मिताताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही त्यांना बसवून ठेवलं आणि तू बघत उभी होतीस?" याचंही उत्तर हो असंच होतं, तेच दिलं. चहा न पिता निघाले. त्यांनी थांब म्हटलं नाही.

पुण्यात तुम्हाला यातलं कुणी विचारणार नाही. इथे कुणी विचारलं तर दोघांनी एकच सांगायचं: झालं नव्हतं.

आता कामाचं. तुमचा इथला पास १४ नोव्हेंबरला संपतो. मुदत वाढवायच्या अर्जावर तुमची सही लागते. माझ्या ऑफिसातला मुकुल मंगळवारी पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि तो अर्ज पाठवते आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. तो शनिवारी, २४ तारखेला परत येतो. अर्ज त्याच्याकडे द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं.

लोकरीचा किल्टही त्याच्याबरोबर देते आहे. पुण्यात आता थंडी सुरू होईल, तिथे वापरता येईल. खाकी धुऊन ठेवला आहे. चुण्यांना इस्त्री करायला मला पाऊण तास लागला, तरी तीन वाकड्या आहेत. तो मी पाठवत नाही. दारामागे राहील. इथे घालायचा तो इथेच असलेला बरा, अशी माझी इच्छा आहे. पण ती फक्त माझी इच्छा आहे, असं वाचावं.

तुम्ही आलात तर खाली कॉफीला मी रविवारी तुमच्याबरोबर येईन. तुम्ही काय घातलंय ते बघून मागे चालणार नाही. गेले सहा महिने मी तशी मागे चालत होते. तुमच्या लक्षात आलं असणारच.

नाही आलात तर का, ते विचारणार नाही.

"ठीक" असं कळवू नका. येणार किंवा नाही, एवढंच लिहा, आणि दसऱ्यापर्यंत, म्हणजे गुरुवार, २२ ऑक्टोबरपर्यंत मला उत्तर द्या.

चैत्राली