मोठी फळं आत असतात

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बाबांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा तर शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड करून. आपल्या बायकांच्या गटाचं रानफळांचं काम बाकीच्या गावांनाही शिकवायचं ठरलं, त्या बैठकीत तू उभी राहून बोलणार आणि आपली पहिल्या प्रतीची पोती सगळ्यांसमोर उघडणार, हे ऐकून मी देवापुढे हात जोडले. फोनवर सगळं सांगता येत नाही, भिंतीपलीकडे तुझी वहिनी असते. म्हणून हे पत्र. कागद पाठकोरे आहेत, नाक मुरडू नकोस. मागच्या बाजूला बाबांच्या औषधांची बिलं आहेत, ती वाचून घाबरू नकोस. त्यांचा खोकला आता बरा आहे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुला तो निवडीचा दिवस आठवतो का गं? तू तुमच्या संस्थेच्या साहेबांना घेऊन आली होतीस आणि शाळेच्या खोलीत जमिनीवर तो मोठा कागद पसरला होतास. जंगलाला धक्का न लावता पोट भरेल असं काय विकता येईल, हे आमचं आम्हीच ठरवायचं होतं. केरसुणीचं गवत, मध, पानं, सरबताची ती रानफळं म्हणजे आंबटं, एकेकापुढे आम्ही खडे ठेवत होतो. तू विचारत होतीस, याला गिऱ्हाईक कोण? पैसा बाईच्या हातात पडेल का? आणि झाडाला इजा होईल का? मध तिथंच मागे पडला, कारण कड्यावर पुरुष चढणार आणि आम्ही खाली डबे धरून उभ्या. गवत सगळ्यांच्याच बांधावर, त्याला गिऱ्हाईक कुठलं, आणि पानं तोडली की झाडाला इजा. आंबटं उरली. पिकून खाली पडलेलं फळ वेचायचं, झाडाला हातही लावायचा नाही, आणि वेचणाऱ्या सगळ्या बायकाच. मग तू गोल काढलेस, झाडापासून सरबताच्या बाटलीपर्यंत, आणि प्रत्येक गोलात कुणाच्या हाती किती पैसा पडतो ते लिहिलंस. गटातली आपली पिपाणी म्हणाली, “मलाही एका गोलात घाला, माझी जीभ काय कमी आंबट आहे!” तुमचे साहेबसुद्धा हसले. तिला पिपाणी का म्हणतात, ते त्यांना लगेच कळलं.

मोठ्या फळाला दुप्पट भाव मिळतो, हे तू शोधून काढलंस आणि ती मोठ्या भोकांची चाळण आणून दिलीस. आणि प्रत्येकीचं वजन वेगळं धरा, हे मी म्हटलं. तुला आठवत असेल, माझाच हट्ट होता. एकत्र वजन केलं की आळशी बाईचं फावतं, असं मी म्हटलं आणि तू माझ्याकडे कौतुकानं पाहिलंस. मला बरं वाटलं होतं. घर काटकसरीनं चालवलेल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय?

पहिला हंगाम छान गेला. गटाच्या शेडवर पत्रे चढले. तुझ्या वहिनीनं शिलाई मशीनची स्वप्नं पाहायला सुरुवात केली. यंदा मी चाळायला बसले आणि दुसऱ्याच दिवशी हात थांबला. फळं चाळणीतून खाली पडेनात. वरच राहत होती, अंगठ्याएवढी, गुबगुबीत. आधी वाटलं, देवाची कृपा. मग लक्षात आलं की अशी फळं वनखात्याच्या हद्दीच्या पांढऱ्या दगडांच्या अलीकडे येतच नाहीत. अलीकडची झाडं कोवळी, मोठी फळं आतल्या जुन्या झाडांची. आपल्याला परवानगी दगडांच्या अलीकडची. म्हणजे बायका राखीव जंगलात शिरत होत्या. चाळणीत पाहून मी सांगू शकत होते, आज कोण आत गेली होती आणि कोण नाही.

पण ज्यानं माझी झोप उडाली ते वेगळंच. शांतता, चिमणे. तुझ्या लहानपणी आम्ही वेचायला निघालो की काय गोंधळ असायचा! दहाजणींनी एकदम बोलायचं, डबे बडवायचे, सासवांची नक्कल करायची, पिपाणीनं पुढे राहून विनाकारण हाका मारायच्या. तू कानांवर हात ठेवायचीस. आंबटं अस्वलालाही आवडतात, आणि अस्वलाला माणूस अचानक समोर आलेला आवडत नाही. आपला आवाज लांबून गेला की ते आपणहून बाजूला होतं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, म्हणून तुझ्या गोलांमध्येही ते कुणी लिहिलं नाही. आता प्रत्येकीचं वजन वेगळं, प्रत्येकीचं झाड वेगळं. झाड दुसरीला कळू नये म्हणून एकटीनं जायचं, आणि वनरक्षकाच्या कानावर जाऊ नये म्हणून पाय न वाजवता जायचं. शेडमध्ये बसून मी कान देते, तर पलीकडे नुसती पानं सळसळतात. जंगलात आठजणी आहेत हे मला माहीत असतं आणि ऐकू एकही येत नाही.

पिपाणी एक दिवस हाताला पदर गुंडाळून आली. काटा लागला म्हणाली, तेही हळू आवाजात. तिचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. जखम धुवायला पदर सोडवला तर दंडावर चार रेघा, शेजारी शेजारी, एकाच वळणाच्या. काटा असा ओरबाडत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ताई, कुणाला सांगू नका हं, माझं झाड कळेल सगळ्यांना.” मला अस्वलाची जेवढी भीती वाटली नाही तेवढी त्या वाक्याची वाटली.

तुझी वहिनी निघताना बांगड्या काढून खुंटीला अडकवते. किणकिण नको म्हणून. मी सकाळी उठले की आधी देवाकडे न बघता खुंटीकडे बघते, देव मला क्षमा करो. बांगड्या दिसल्या की ती परत येईपर्यंत घास उतरत नाही. मी एकदा समजावायला गेले. ती चहा गाळता गाळता हसून म्हणाली, “आई, तुम्हीच चाळता, तुम्हीच मोठी फळं बाजूला काढता, आणि मला म्हणता लहान आण?” तुझा दादा ट्रक घेऊन बाहेर, त्याला कळवलं तर तो तिलाच ओरडेल.

परवा ती दुपार झाली तरी आली नाही. ताट झाकून ठेवलं, पुन्हा उघडून पाहिलं, जणू ती ताटाखालीच लपली आहे. शेवटी पांढऱ्या दगडांपर्यंत गेले. आतून काही नाही. हाक मारावी तर वनरक्षक ऐकणार, परवानगी जाणार, सगळ्यांचा हंगाम जाणार, तुझं काम जाणार. हे सगळं मी तिथं उभी राहून मोजत होते, आणि तेवढा वेळ माझ्या लेकराची बायको आत कुठं होती कोण जाणे. स्वतःची लाज वाटली गं. मग मी ओरडले. तिचं नाव घेऊन, फाटक्या आवाजात. माझा आवाज त्या झाडांत दोन पावलंसुद्धा गेला नसेल. पण शेडमधून पिपाणी धावत आली, काय झालं ते तिनं विचारलंच नाही. दुखरा हात छातीशी धरून तिनं जी आरोळी ठोकली, ती तुला तिथं ऐकू आली नाही याचं नवल वाटतं. मग एकेकीनं ओ दिली. कुणी डावीकडून, कुणी नाल्यातून, सगळ्या आपापल्या लपलेल्या झाडांखालून. डबे वाजू लागले. आणि खूप वेळानं तुझी वहिनी बाहेर आली. टोपली नाही, एका पायात चप्पल, अंगठा दाताखाली. ती झाडाच्या फांदीवर बसून होती आणि खाली अस्वल फिरत होतं. वनरक्षकाच्या भीतीनं तिनं तोंडातून आवाज काढला नव्हता. आमचा गोंगाट जवळ आला तसं ते निघून गेलं. घरी आल्यावरही ती बराच वेळ कुजबुजतच बोलत होती.

वनरक्षक आलाच. सगळ्यांना पांढऱ्या दगडांपाशी उभं करून म्हणाला, “या वेळी सोडतो. पुन्हा आत पाऊल दिसलं तर परवानगीचा कागद रद्द.” जाताना मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाला, “मावशी, पूर्वी तुमचा आवाज यायचा, तेव्हा मला तुमची काळजी नसायची.”

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल मी पोती शिवली आणि चाळण वापरली नाही. मोठी, लहान, सगळी एकत्र ओतली. वजनही सगळ्यांचं एकच केलं, वाटणी सारखी. पोत्यांवरच्या चिठ्ठीत खोटं लिहिलं नाही, ‘पहिली प्रत’च्या जागी ‘सरसकट’ लिहिलं आहे. म्हणजे भाव अर्धा, आणि ती पोती तुझ्या बैठकीच्या दिवशी तिथं पोचतील. खरेदीदारांसमोर तू ती उघडशील तेव्हा तुझे साहेब तुझ्याकडे बघतील, हे मला कळतं. माझ्या पोरीची नोकरी मी माझ्या हातानं अडचणीत घातली, याची भीती अजून आहे. पण बाकीच्या गावांत चाळण जाण्याआधी तू हे वाचावंस. त्यांना फळं वेचायला शिकव, चाळण नको. एकटीनं जाण्यात फायदा नाही असं काहीतरी तुझ्या गोलांत शोध, तुला जमेल. मला जमलं तेवढं मी केलं. आज सकाळी सगळ्या एकत्र निघाल्या, दगडांच्या अलीकडे, मीही डबा घेऊन शेवटच्या घरापर्यंत गेले. निघण्याआधी सवयीनं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

काळजीतली, पण तुझीच,
आई