झील कोण धरणार

गाण्याचं ॲप बनवणाऱ्या दादांना अंबिकाचा रामराम,

तुमचं नाव-गाव मला ठाव न्हाई, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. आज लोह्यात माझ्या ऋतुजाची हळद हाय. मी तिची माय, पण नवरा वारल्यापासून मला हळदीच्या मांडवात जागा न्हाई. थोरल्या जाऊबाईंनी, पंचफुलाबाईंनी, बजावलं, "तू आतच बस. तुझा आवाजबी भाईर येऊ देऊ नको."

म्हणून मी तुमच्या ॲपात हळदीचं गाणं भरलं. म्हणणारी मीच, मागून ओळ उचलून झील धरणाऱ्या बायाबी मीच. आवाजावर आवाज चढवायची ही सोय तुम्ही कुणासाठी केली, ठाव न्हाई. मला तर माझ्यासाठीच केल्यागत वाटली. फक्त ऋतुजाच्या बापाचं नाव आलं ती ओळ एकदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हणवली न्हाई. त्या ओळीची झील भरायची राहून गेली.

आत्ता ऋतुजानं मांडवात तेच गाणं लावलंय. जाऊबाईंनी आवाज वळखलाच असंल. मी आत दाराशी कान लावून लिहून राहिले.

गाण्यात ऋतुजाच्या बापाचं नाव आलं. झील हवी तिथं आता ॲपातली नुसतीच ढोलकी वाजून राहिली.

दादा, भाईर कुणीतरी झील धरली! ही मी भरलेली न्हाई. हा पंचफुलाबाईंचा आवाज हाय.

नवरीची माय,
अंबिका