शरण आलेल्यांचा मुखिया

मी, शालीकराम आत्माराम कापगते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार प्लॉट क्रमांक एक, हिरडाझरी पुनर्वसन वसाहत, कोहमाऱ्याजवळ, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, गुडघे कामातून गेले आहेत, पण स्मरणशक्ती जशीच्या तशी आहे आणि तीच माझी अडचण आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात माणूस तर पाहिजे! यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलबाई प्रेमिला रहांगडाले यांनी बजावले होते, "गुरुजी, मुद्द्याचं तेवढं लिहा, निबंध नका लिहू." बाई, छत्तीस वर्षे मी पोरांकडून निबंध लिहून घेतले. हा एक माझा आहे. तपासून द्या.

कलम १. प्लॉट क्रमांक एकवरील दोन खोल्यांचे स्लॅबचे घर, पुढच्या ओसरीसह, माझा मुलगा हेमेंद्र, मुक्काम नागपूर, याला द्यावे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या खेपेला तो आला तेव्हा अर्धा वेळ गाडीतच बसून होता, कारण गाडीत गारवा आहे आणि माझ्या घरात नाही. "बाबा, आमच्याकडे या राहायला," असे तो नेहमी म्हणतो. कधी, ते आजवर म्हणाला नाही. सूनबाई नीतूवर माझा राग नाही. ती दर रविवारी फोन करून "जेवलात का?" विचारते, मी "जेवलो" म्हणतो, आणि दोघेही आपले काम झाले म्हणून फोन ठेवतो.

कलम २. पोस्टात जी काही शिल्लक निघेल ती नात भूमिका हिच्या शिक्षणासाठी. हेमेंद्रने त्यातून गाडीचे टायर घेऊ नयेत.

कलम ३. माझी सायकल मुन्नालाल पारधी यास. मुन्नालाल मूळचा आमगावचा, इथे किराण्याचे दुकान टाकून आहे. तो हिरडाझरीचा नाही, म्हणूनच माझ्याशी बोलतो. सकाळी त्याची हाक येते, "गुरुजी, आपका पेपर आ गया!" पुष्कळदा तेवढे एकच वाक्य दिवसभरात माझ्या वाट्याला येते. माझी लोखंडी शिडी चार वर्षांपासून त्याच्याकडे आहे. मागून मागून मी थकलो. ती त्याचीच समजावी.

कलम ४. हार्मोनियम. आम्ही तिला पेटी म्हणतो. ही पेटी कोणाला द्यावी ते मला कळत नाही, म्हणून आधी तिची हकिकत लिहितो.

हिरडाझरी म्हणजे आमचे मूळ गाव, आत जंगलात, अडुसष्ट घरांचे. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी आजूबाजूची गावे पाहुणी म्हणून येतात, बाजार भरतो, रात्री नाटक होते. आमची मंडई भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी. नाटकात पेटी मी वाजवायचो आणि चैतराम लंजे राणीचे काम करायचा. चैतराम माझा बालमित्र. लुगडे नेसून उभा राहिला की त्याची बायको रुख्मासुद्धा तोंडात पदर कोंबून हसायची. आणि मंडईचा एक रिवाज आहे, तो पुढे लागणार म्हणून इथेच सांगतो. त्या दिवशी दारात आलेला माणूस, मग तो वैरी का असेना, पाहुणा असतो. त्याला आधी जेवू घालतात आणि जेवलेल्या पाहुण्याच्या शब्दाला कोणी नाही म्हणत नाही.

सन २००४ मध्ये सरकारने आमचे गाव जंगलातून उठवून इथे वसवले. कबुलीच्या कागदांवर सह्या आणि अंगठे घ्यायला घरोघर मी फिरलो. मला ते पटले होते. १९८६ साली माझी सहा वर्षांची मुलगी प्रमिलू तापाने फणफणलेली असताना बैलबंडीत माझ्या मांडीवर गेली, दवाखाना अजून तीन कोस होता. रस्ता, वीज, दवाखाना मिळतो तर जंगलात कायले राहायचे? असे मी म्हणायचो आणि लोक ऐकायचे. गुरुजी म्हणतात म्हणजे बरोबरच असेल.

इथे आलो तर जमीन मुरमाड. बोअरिंगला लाल पाणी. शेजारच्या गावाने आमच्या जनावरांना तलावावर येऊ दिले नाही, "जंगलवाले आले" म्हणून पोरे ओरडायची. पहिल्या वर्षी आम्ही इथे मंडई मांडली. मंडप घातला, वडे तळले, भाताची पातेली चढवली. आमच्या दिवशी शेजारच्या गावाची मंडई होती आणि इतर सगळे दिवसही कोणाचे ना कोणाचे होतेच. संध्याकाळपर्यंत एकही पाहुणा आला नाही. बायकांनी सगळा भात जनावरांना घातला. चैतराम लुगडे नेसून तयार बसला होता, तो तसाच झोपला.

पेटी त्यानंतर मी उघडली नाही. वसाहतीच्या शाळेला द्यावी. भाता फाटला असेल, दुरुस्त करून घ्यावा.

कलम ५. चार जाड वह्या आणि शब्दकोश. हेमेंद्र त्यांना "जपान-फपान" म्हणतो. त्याला त्या देऊ नयेत.

शामकला, माझी बायको, २०११ मध्ये गेली. (इथे दवाखाना जवळ होता. तरी गेली.) त्यानंतर गोंदियाच्या रद्दीवाल्याकडे मला जपानच्या इतिहासाचे एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले, पुढची चाळीस पाने फाटलेली. बोलायला कोणी नसले की माणूस काहीही वाचतो. शब्दकोश घेऊन मी ते अकरा वर्षे वाचले आणि मराठीत उतरवले.

त्यात उत्तरेच्या सरहद्दीवरच्या लोकांची गोष्ट आहे. बाराशे वर्षांपूर्वी राजधानीचा दरबार त्यांना एमिशी म्हणायचा, म्हणजे आमच्यासारखेच जंगलवाले. दरबाराने त्यांच्याशी लढाया केल्या आणि जे शरण आले त्यांना उचलून दूर दक्षिणेच्या, पश्चिमेच्या मुलखांत नेऊन वसवले. सरकारी कोठारातून तांदूळ दिला, कापड दिले, कर माफ केला. दरबाराला वाटले, आता हे सुखी झाले. शेजारी त्यांना जवळ करीनात आणि अधिकारी वर लिहीत राहिले की यांचे मन काही अजून शांत होत नाही. मग कुठे कुठे ते उठले. आजच्या टोकियोच्या बाजूला तर पुन्हा पुन्हा उठले. फौजा गेल्या, माणसे मारली. शेवटी दरबारानेच कंटाळून यांना उत्तरेला परत पाठवा असा हुकूम काढला.

दोन ओळींपाशी मी अडकलो. एक अशी की दरबाराने हुकूम काढला होता, शरण आलेल्यांपैकीच एक शहाणा निवडून त्याला त्यांचा मुखिया करावा, म्हणजे बाकीचे त्याच्या शब्दात राहतील. ती ओळ वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही. प्लॉट क्रमांक एक मला का मिळाला, ते मला साठी उलटल्यावर एका फाटक्या पुस्तकातून कळले!

दुसरी अशी की उत्तरेचे दोन सरदार पाचशे माणसांसह एका सेनापतीला शरण आले. सेनापती त्यांना राजधानीत घेऊन गेला आणि यांना सोडा, घरी जाऊ द्या, म्हणून दरबारात त्यांच्या बाजूने बोलला. दरबाराने ऐकले नाही. दोघांनाही मारले. मी त्या सेनापतीला पुष्कळ दिवस शिव्या दिल्या. मग वाटले, हा निदान बोलला तरी.

वह्या जिल्ह्यातल्या कोणत्याही वाचनालयाने घेतल्या तर द्याव्यात. नाही घेतल्या तर मुन्नालालने पुड्या बांधू नयेत, एवढी विनंती.

कलम ६. या कलमात मालमत्ता नाही. तरी ते गाळू नये.

दुसऱ्या वर्षी, सन २००५ च्या दिवाळीनंतर, लोकांनी बैलबंड्या जुंपल्या आणि मंडई करायला जुन्या हिरडाझरीला गेले. परत आलेच नाहीत. पडक्या भिंतींवर ताडपत्र्या टाकल्या, चुली मांडल्या. पुढारी चैतराम. मी शामकलाच्या आजाराचे कारण सांगून इथेच थांबलो होतो. पाचव्या दिवशी एक मोठे साहेब माझ्या ओसरीवर आले. नाव लिहीत नाही, ते आता हयात नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुमचं ऐकतील. शांतपणे परत आले तर कोणाला हात लावणार नाही, माझा शब्द." मी साहेबांच्या जीपमधून जंगलखात्याच्या नाक्यापर्यंत गेलो आणि पुढे चालत.

चैतराम आडवा आला. मला वाटले मारतो. तर म्हणाला, "आला का शालीक? आपली मंडई चालू हाये. बस, पह्यले जेव, मंग बोल."

मी जेवलो. मग साहेबांचा शब्द सांगितला. चैतराम म्हणाला, "तू म्हणतं तं चाल." त्यांनी बैल जुंपले. नाक्यावर पोलीस उभे होते. अकरा जणांना उतरवून नेले. चैतराम बेचाळीस दिवस आत राहिला, खोकत बाहेर आला आणि तिसऱ्या वर्षी गेला. तोवर त्याने माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्याच्या मातीला मी गेलो तर लोकांनी वाट दिली, कोणी जागा दिली नाही. तेव्हापासून या वसाहतीत लग्नाची अक्षद माझ्या दारात पडलेली नाही.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. साहेबाने गुरुजीला फसवले, गुरुजी भोळा, असे म्हणून काही जणांनी मला अर्धी माफीही देऊन टाकली आहे. आता जे कोणाला माहीत नाही ते लिहितो.

जाताना, जीपमधून उतरलो तेव्हाच, नाक्यामागे सागाच्या झाडांत मला पोलिसांची व्हॅन दिसली होती. निळी. दोन शिपाई बिडी ओढत होते. मी समजलो. पुढे दीड कोस चालताना मी स्वतःला समजावले की दमदाटी करून सोडून देतील. ते अर्धे खरे. उरलेले अर्धे हे, की चैतराम जिंकला असता तर मलाही जंगलात परत जावे लागले असते, आणि शामकलाला घेऊन मला जायचे नव्हते. जेवलेल्या पाहुण्याच्या शब्दाला चैतराम नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होते. म्हणून मी जेवलो. आणि नाक्यावर त्यांना उतरवत असताना मी बोललो नाही. स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राहिलो. लाज वाटते. वीस वर्षे झाली, तेवढीच वाटते.

कलम ७. वसाहतीमागची माझी दीड एकर धानाची जमीन श्रीमती रुख्माबाई चैतराम लंजे यांना द्यावी.

कलम ८. माझी राख जुन्या हिरडाझरीला नेऊ नये. मला तिथे बोलावणे नाही. जवळ जो नाला असेल तो चालेल.

पुरवणी. आज दुपारी तीन वाजता, वकीलबाई आणि मुन्नालाल यांच्यासमक्ष. मुन्नालालकरवी निरोप पाठवला होता, रुख्मावहिनी येतील असे वाटले नव्हते. आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत, ओसरीच्या पायरीवर टेकल्या. मी वाचत गेलो. सहाव्या कलमाशी मी अडखळलो. वकीलबाई म्हणाल्या, "द्या, मी वाचते." वहिनी म्हणाल्या, "नाही. त्यायलेच वाचू द्या."

वाचून झाले. वहिनी म्हणाल्या, "गाडी दिसल्यावरबी जेवले तुमी?"

"हो."

"काय होतं जेवाले?"

"भात. उडदाचे वडे. वांग्याची भाजी."

"मीच वाढलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा वाढलं."

मी जमिनीचे विचारले. त्या म्हणाल्या, "साक्षीदार कोण कोण हाये?" वकीलबाईंनी सांगितले, एक मुन्नालाल, सायकल आणि शिडी त्याला आजच देऊन टाकली म्हणून तो चालतो, दुसरा अजून ठरायचा आहे. वहिनी म्हणाल्या, "मी होतो साक्षीदार." वकीलबाईंनी समजावले की ज्याला मिळणार त्याने साक्षीला राहू नये, पुढे वाद होतात, एकतर जमीन नाहीतर साक्ष. वहिनींनी विचार करायला काही वेळ घेतला नाही. "मंग जमीन राहू द्या. नातीले द्या तुमच्या. शाई आणा."

त्यामुळे कलम ७ रद्द. जमीन भूमिका हिला.

ठिकाण: हिरडाझरी पुनर्वसन वसाहत. दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५. वरील मजकूर माझाच आहे.

सही: शा. आ. कापगते

साक्षीदार १: मुन्नालाल पारधी, किराणा दुकानदार (सही)

साक्षीदार २: रुख्माबाई चैतराम लंजे, डाव्या हाताचा अंगठा. अंगठ्याखाली त्यांनी वकीलबाईंकडून त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले: "गुरुजीनं गाडी पाह्यली होती, हे त्यायच्या तोंडून आयकलं, म्हणून आंगठा देऊन राहिलो. माफ केलं असं कोठी लिहू नका."