वाहनगणना : मलकपेठ, सकाळी नऊ ते दहा

सोमवार, १ मार्च २००४. सकाळी ८.४०
आजपासून वाहनगणना. मलकपेठेतून नवी लोकल धावू लागून पंधरवडा झाला. तेव्हा आमच्या गॅलरीखालच्या विजयवाडा हायवेवरील गर्दी ओसरलीच पाहिजे. हे मत नव्हे. सिद्ध करता येण्याजोगे विधान आहे. चादरघाटच्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे एक रेघ. संख्याशास्त्र खात्यात एकतीस वर्षे काढलेल्या माणसास अधिक साधन लागत नाही.
संख्या दहा टक्क्यांनी घटताच शहराच्या दुसऱ्या टोकाला, चंदानगरला, मुलाच्या, परागच्या नव्या फ्लॅटवर जाईन. सूनबाई, अश्विनी, फेब्रुवारीत माहेराहून, पुण्याहून, नातीला घेऊन परतली. नात अद्याप पाहिलेली नाही. कारण केवळ रहदारी.

१०.१०
२,१८४.

बुधवार, ३ मार्च
२,२३०. कॉलेजच्या परीक्षा चालू आहेत. ग्राह्य नाही.
खालचा चहावाला याकूब म्हणाला, "साब, गिनने से गाड्यां कम होते क्या?" त्याला गणनेची पद्धत समजावून दिली. "हौ" म्हणाला आणि गिऱ्हाईक नसताना स्वतःच मोजू लागला. त्याचा आकडा माझ्याहून अकराने जास्त. त्याने हातगाड्या धरल्या होत्या.

रविवार, ७ मार्च
पराग येऊन गेला. चार एप्रिलला मुलीचे उष्टावण. पाचवा महिना लागला आहे. खीर चाटवायला मामा पुण्याहून येणार. पराग म्हणाला, "बाबा, तो साडेपाचशे किलोमीटर येतोय. तुम्हाला पंचवीस." मी म्हणालो, त्याचा रस्ता चांगला आहे. त्यावर त्याने विचारले, मी स्वतः लोकलमध्ये एकदा तरी बसलो का. निरीक्षकाने प्रयोगात भाग घ्यायचा नसतो. बी.टेक. झालेल्या मुलास हे ठाऊक असावयास हवे.

शुक्रवार, १९ मार्च
२,३११. त्यातील सहाशे चाळिसावी रेघ म्हणजे शेजारचे वकील एकनाथराव, सेकंडहँड मारुतीत! लोकल हवी म्हणून वर्तमानपत्रांना सात पत्रे लिहिणारे हेच गृहस्थ. संध्याकाळी जाब विचारला. म्हणाले, "अहो नाना, सगळे लोकलने जाणार, रस्ता मोकळा होणार, म्हणूनच तर घेतली!"
वर म्हणाले, "वहिनी पावसाळाभर सुनेकडे चला, चला म्हणत होत्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, लोकल येऊ द्या. आता आली ना? आता कोणाची वाट पाहताय?"
गणना अपुरी आहे, असे सांगून दार लावून घेतले.
सुनीतेला थांब म्हणालो ते शास्त्रशुद्धच होते. ऑक्टोबरात ती वारली, एवढाच भाग अनपेक्षित. रहदारीतील घट सिद्ध झाली, की थांबावयास सांगणे योग्य होते हेही सिद्ध होईल. म्हणून घट होणे आवश्यक आहे.

सोमवार, २९ मार्च
२,४०२. निवडणुकीच्या जीपगाड्या. विचारांती दुचाकी अर्धे वाहन धरण्याचा निर्णय घेतला. सुधारित आकडा १,७९०. अठरा टक्के घट! पहिल्या दिवसाच्या आकड्यास हा नियम लावलेला नाही. जुन्या नोंदींत मागाहून फेरफार करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.
अट पूर्ण झाली. तथापि एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये.

रविवार, ४ एप्रिल. सकाळी १०.०५
१,०१२, दुचाकी पूर्ण धरूनही. रस्ता ओसाड. परंतु रविवार ग्राह्य नाही.
अश्विनीचा फोन. मुहूर्त साडेबाराचा. म्हणाली, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय पानं वाढणार नाही. माझा भाऊ सकाळपासून उपाशी आहे. त्याला भूक अजिबात सहन होत नाही."
एका निरपराध माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे. निघतो.

संध्याकाळी ७.३०
रिक्षाने गेलो. रिक्षावाला म्हणाला, "रेल से जाते तो सस्ता पडता साब." वाटेत दोन मिरवणुका आडव्या आल्या. एकूण पंच्याऐंशी मिनिटे.
उष्टावण यथासांग झाले. मुलीने खीर माझ्या धोतरावर थुंकली. मुलगी चांगली आहे.
जेवताना दोन शब्द बोलणे मला उचित वाटले. म्हणालो, सुनीतेला हे घर पाहावयास मिळाले नाही याचे दुःख आहे. पण तेव्हाच्या रहदारीत तिला आणणे हा निव्वळ अविचार ठरला असता.
पराग ताटाकडे पाहू लागला. अश्विनी पोळी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "बाबा, आई येऊन गेल्यात. मी माहेरी जायच्या आधी, ओळीने चार गुरुवार. कोठीला बस बदलून."
त्या चारही गुरुवारी सुनीता अफझलगंजच्या वाचनालयात गेली होती. निदान मला तसे सांगितले होते.
मला का कळवले नाही, असे विचारले. अश्विनी म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, ते लोकलची वाट बघतायत, बघू दे त्यांना. मी तोवर जाऊन येते."
मग मी विचारले, रहदारीबद्दल ती काय म्हणत असे.
अश्विनीने बराच विचार केला. म्हणाली, त्याबद्दल आई कधी काही बोलल्याच नाहीत.